किशूकाकांचा निळा सदरा

आमच्या घरी कमोड आला तो उल्हासनगरहून हातगाडीवर बसून, आणि त्याच्या मागून बाबा आणि मी चालत आलो. कॅम्प पाचच्या बाजारातून अंबरनाथ पूर्वेला आमच्या बिल्डिंगपर्यंतचा रस्ता तसा फार लांबचा नाही, पण त्या दिवशी तो संपता संपेना. बाबांनी कमोड दोरीने पक्का बांधला होता, झाकला मात्र नव्हता. "झाकायचा कशाला? चोरून आनलाय का?" असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे भर दुपारच्या उन्हात तो पांढरा, गुळगुळीत ऐवज नवरदेवासारखा गाडीवर बसलेला, गाडीवाला "बाजू, बाजू" ओरडतोय, बाबा एक हात त्याच्या पाठीवर ठेवून रुबाबात चालतायत आणि मी मान खाली घालून दहा पावलं मागे. नववीत होते मी. माझ्या वर्गातल्या दोन मुली नेमक्या समोरून आल्या. त्यांनी कमोडकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग एकमेकींकडे. मी शेजारच्या दुकानात टांगलेल्या प्लास्टिकच्या बादल्या अशा निरखून बघायला लागले की जणू मला त्यातली एक आत्ताच्या आत्ता घ्यायचीय. बाबांनी तेवढ्यात मागे वळून हाक मारली, "जयू, टाकीची पिशवी नीट धर गो, आपटशील!" संपलंच.

कमोड लागला तो आईसाठी. त्या वर्षी भाताच्या लावणीला ती माहेरी शिरगावला गेली होती. बांधावरून पाय घसरला आणि गुडघा असा काही दुखावला की दोन महिने ती खाटेवर होती. प्लास्टर निघालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, चाला, फिरा, पण उकिडवं बसायचं नाही, कधीच नाही. आमच्या घरात, आणि अख्ख्या बिल्डिंगमध्ये, खाली बसायचेच संडास. बाबांनी पहिल्याच दिवशी एका जुन्या लाकडी खुर्चीला मधोमध भोक पाडलं आणि ती संडासावर ठेवली. काम भागलं, पण खुर्ची डुगडुगायची, आई आतून "आय गो!" म्हणून ओरडायची आणि आम्ही सगळे बाहेरून दाराला कान लावून उभे. शेवटी बाबा म्हणाले, "बास झालां. साहेबाच्या घरी असतो तसा बसवतो."

आज मी शिरगावातच राहते, सातव्या मजल्यावर. आई जिथे घसरली तो बांध आमच्या सोसायटीच्या पार्किंगखाली कुठेतरी असणार. घरात दोन कमोड आहेत आणि त्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. पण आमच्या त्या पहिल्या कमोडला बघायला माणसं आली होती हो! तो बसवण्याआधी दोन दिवस बाहेरच्या खोलीत खिडकीखाली ठेवला होता. तळमजल्यावरच्या वहिनी आल्या, समोरचे मास्तर आले, आईची बहीण भाकरी आणि सुकटीची चटणी घेऊन शिरगावहून आली. मावशी तर आल्या आल्या "चांगली खुर्ची घेतलीव गो" म्हणून झाकण लावलेल्या कमोडवर ऐसपैस बसली आणि चहा प्यायली. कळल्यावर ताडकन उठली. बाबांनी तिला परत बसवलं, "अजून वापरलाय कोनी? तुझाच पयला मान!" आई खाटेवर पडल्या पडल्या इतकी हसली की तिचा गुडघा दुखायला लागला.

बाबांबद्दल सांगायला हवं. ते एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत फिटर होते. मोठमोठे पाइप, व्हॉल्व्ह, लोखंडी जोड हे त्यांचं राज्य. बिल्डिंगमध्ये कोणाचा नळ गळो, कुकरची शिट्टी अडको, सायकलची चेन निसटो, माणूस आमच्याच दारात. बाबा जेवत असले तरी हात धुऊन उठायचे. त्यांचा एक ठरलेला मंत्र होता. पाना लावून नट आवळत आवळत आणला, आता हलत नाही असं वाटलं, की ते क्षणभर थांबायचे, श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, "अजून अर्धा फेरा." आणि सगळा जोर लावून तो अर्धा फेरा द्यायचेच. कंपनीत त्यांनी आवळलेला जोड कधी गळला नाही, हे ते स्वतःही सांगायचे आणि दिवाळीला घरी येणारे त्यांचे सोबतीही सांगायचे. मला तर लहानपणापासून वाटायचं की जगातलं जे काही गळतं, ते गळतं कारण तिथे माझे बाबा पोचलेले नाहीत.

कमोड त्यांनी स्वतःच बसवला. उल्हासनगरच्या दुकानदाराने सांगितलं होतं, "साईं, मेरा प्लंबर ले जाओ, चिनी मातीचं काम वेगळं असतं." बाबांना तो अपमान वाटला. रविवारी सकाळी सुरू केलं. मी शेजारी बसून हत्यारं देत होते. आईने आधीच बजावलं होतं की संडासातून उठून कोणी थेट स्वयंपाकघरात यायचं नाही, आधी आंघोळ. म्हणून बाबांना चहा मीच लांबून, हात पुढे करून देत होते. जुनं भांडं उखडलं, फरशीत भोकं पाडली, कमोड बसवला, दोन बाजूंनी बोल्ट घातले. पाना फिरत होता, बाबांच्या दंडावर शिरा उभ्या राहिल्या होत्या. मग ते थांबले, श्वास घेतला आणि म्हणाले, "अजून अर्धा फेरा." कुठेतरी टिक असा बारीक आवाज आला. मी म्हटलं, "बाबा, काय वाजलं?" ते म्हणाले, "बसला जागेवर." आणि वरून चौफेर सिमेंट लावून, ओल्या फडक्याने असं सुरेख पुसून घेतलं की तो जमिनीतूनच उगवलाय असं वाटावं.

आई पहिल्यांदा आत जाऊन आली तेव्हा तिचा चेहरा बघायला हवा होता. दोन महिने तिला आधार देऊन न्यावं लागायचं, बाहेर कोणीतरी उभं राहावं लागायचं. त्या दिवशी ती एकटी गेली, कडी लावली आणि एकटी बाहेर आली. म्हणाली, "मना आता कोनाची गरज नाय." बाबा नुसते मिशीत हसले.

आमच्या खालच्या मजल्यावर, बरोबर आमच्या घराखाली, मोहिनीकाकी आणि किशूकाका राहायचे. सिंधी माणसं. काकांचा उल्हासनगरला जीन्स शिवायचा छोटा कारखाना होता. दिवसभर निळ्या कापडाच्या ढिगाऱ्यात बसणारा माणूस, पण अंगावर पांढऱ्या लेंगा-सदऱ्याशिवाय काही चालायचं नाही, आणि तोसुद्धा असा पांढरा की डोळे दिपावेत. काकी घरी पापड करून विकायच्या. त्यांच्या घरात पाऊल टाकलं की तुम्ही कोण, कशाला आलात, हे विचारायच्या आधी हातात भाजलेला पापड आणि पाण्याचा ग्लास यायचा. सिंध्यांची ती रीतच. मी नुसती वाटी परत द्यायला गेले तरी "पुट," म्हणजे बाळा, "पहिले पापड खा, मग बोल." आई खाटेवर होती ते दोन महिने या बाईने आमचं घर सांभाळलं. सकाळी दाल-पकवान, संध्याकाळी कढी, आईच्या केसांना तेल, माझी वेणी. आई बरी झाल्यावर तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण घेऊन खाली गेली ती जिना उतरायला अर्धा तास लावून गेली. खालच्या घरात हिंगाचा आणि मिऱ्याचा वास, वरच्या घरात सुक्या मासळीचा, आणि जिन्यात दोन्ही वास मिसळलेले. डोळे मिटून मला अजून तो जिना चढता येईल.

कमोड बसून महिना झाला असेल नसेल, काकी वर आल्या. बहिणीला मारावी तशी आईला हाक मारून म्हणाल्या, "अदी, हमारे संडास में ऊपर से पानी टपकता है." आई म्हणाली, "कालच्या पावसाचं असंल." पाऊस थांबला, थेंब थांबले नाहीत. आधी एक, मग दोन जागी, मग संडासाबाहेरच्या माळ्यापर्यंत ओल सरकली. किशूकाका संडासात छत्री घेऊन जायला लागले. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. सकाळी सात वाजता लेंगा-सदरा, एका हातात टमरेल, दुसऱ्या हातात काळी छत्री, आणि आत गेल्यावर दार लावायच्या आधी छत्री उघडल्याचा फटक्कन आवाज. बिल्डिंगची पोरं जिन्यात बसून त्या आवाजाची वाट बघायची. तोवर हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. पण मग माळ्यावर ठेवलेले काकींचे पापडाचे डबे ओले झाले. कोणाच्या तरी लग्नासाठी केलेले पापड, चार दिवसांची मेहनत, सगळ्यांवर बुरशी. काकींनी ते डबे एकेक करून जिन्यातून खाली नेऊन ओतले. रिकाम्या डब्यांचा खणखणाट आम्हाला वरपर्यंत ऐकू आला.

बाबांना विचारलं तर त्यांच्याकडे उत्तर तयार. "गच्चीवरच्या टाकीचा पाइप गलतोय." गच्चीवर जाऊन बघितलं, पाइप कोरडा. "मग भिंतीतला जुना पाइप." तो बंद करून बघितला, थेंब चालूच. "मग त्यांचाच नल गलत असंल." काका भडकले, "मेरा नल ऊपर की तरफ गलता है क्या? पानी नीचे से ऊपर जाता है?" बाबा म्हणाले, "माझ्या हातचा जोड गलत नाय. एवढी वरसं काम केलां, कोनी बोट नाय दाखवलां." मग काका जिन्यात उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "संडे तक वो कुर्सी निकाल दो, नहीं तो मैं मिस्त्री लाकर खुद निकलवाऊंगा." बाबांनी दार लावलं. जरा जोरातच लावलं.

दुसऱ्या दिवशी मी काकींची वाटी द्यायला खाली गेले. त्यांनी वाटी घेतली, "ठीक आहे," म्हणाल्या, आणि दार लोटलं. पापड नाही, पाणी नाही. मी तशीच उभी राहिले. कोणी मला थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं. वर आले तर आई स्वयंपाकघरात बसली होती. मी तिला पाणी दिलं. तिने ओठ ओले केले आणि ग्लास बाजूला ठेवला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, दोन-तीन दिवस झाले, ती असंच करत होती. जेवणानंतर घोटभर, दुपारी नाहीच, चहा अर्धा कप. मी विचारलं तर म्हणाली, "जितकं कमी पियेन तितकं कमी जावं लागंल. मी गेले का त्या बाईच्या डोक्यावर पानी. आनि ती खुर्ची काढली तर पुन्हा तुमच्या खांद्यावर हात ठेवून जायचां मना." मी तेव्हा रडले नाही, मला राग आला. काकांचा, काकींचा, त्या थेंबांचा. बाबांची चूक असेल असा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही. मला फक्त ते सिद्ध करायचं होतं.

आणि सिद्ध कसं करायचं हेही बाबांनीच शिकवलेलं. कंपनीत एखाद्या टाकीतून पाणी कुठे जातंय हे कळेना की ते लोक पाण्यात रंग टाकायचे. रंग जिथे निघाला तिथे गळती. रात्री जेवताना सांगितलेल्या त्यांच्या शंभर गोष्टींपैकी ही एक. शनिवारी बाबा पहिल्या पाळीला गेले आणि मी धुण्याच्या निळीची आख्खी बाटली कमोडच्या टाकीत ओतली. मग खाली गेले आणि काकींच्या दारात उभी राहून म्हणाले, "काकी, आमच्या टाकीत निळं पाणी आहे. आई वरून पाणी सोडेल. तुमच्याकडे निळं आलं तर आमचं. साधं आलं तर आमचं नाही, आणि मग तुम्ही आईची खुर्ची काढायची नाही." काकींनी पिठाचे हात पदराला पुसले. मग म्हणाल्या, "आ, अंदर आ."

आम्ही दोघी त्यांच्या संडासात मान वर करून उभ्या. मी ओरडले, "आई, सोड!" वरून दांडी ओढल्याचा आवाज, पाण्याचा खळखळाट. थेंब पडला. साधा. "पुन्हा सोड!" पुन्हा साधा. तिसऱ्यांदाही साधा. माझा आनंद काय सांगू! काकींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, "तेरा बाप सच्चा निकला, पुट. हमारी गलती." आणि गॅस पेटवून पापड भाजायला घेतला. इतक्यात किशूकाका कारखान्यातून जेवायला आले. काकींनी त्यांना सगळं सांगितलं. काका जरा ओशाळले, माझ्या डोक्यावर टपली मारली आणि हातपाय धुवायच्या आधी संडासात गेले. दाराशी टेकवलेली छत्री त्यांनी उचलली, मग परत ठेवली. का ठेवली ते त्यांचं त्यांना ठाऊक. बहुधा त्यांना वाटलं असेल, आता पोरीसमोर छत्री कशाला.

पाणी सिमेंटखालून, फरशीखालून, आपल्या चालीने जातं, त्याला वेळ लागतो, हे मला आज कळतं. तेव्हा माझ्या हातात अर्धा पापड होता. आतून किशूकाकांची आरोळी आली, अशी की समोरचे मास्तर वही टाकून बाहेर धावले. दार उघडलं. काकांच्या टकलावरून निळा ओघळ कपाळावर, कपाळावरून नाकावर, आणि पांढऱ्या शुभ्र सदऱ्याच्या खांद्यावर हा एवढा निळा डाग, तो बघता बघता छातीपर्यंत पसरत होता. काकींनी तोंडाला पदर लावला. मग त्यांना राहवेना. त्या भिंतीला टेकल्या आणि हसत हसत खालीच बसल्या. मास्तर हसले, जिन्यातली पोरं हसली, वरून आई विचारतेय, "काय झालां गो? काय झालां?" काका स्वतःकडे बघून म्हणाले, "पूरी जिंदगी जीन्स बेची, मैं कभी नीला नहीं हुआ!" आणि तेही हसायला लागले. फक्त मी रडत होते. हुंदके देऊन रडत होते, हातातला पापड तसाच. लोकांना वाटलं पोरगी घाबरली. कोणाला सांगणार की पाच मिनिटांपूर्वी खरे ठरलेले माझे बाबा आत्ता चुकीचे ठरले होते.

दुपारी बाबा आले तर काकांचा सदरा बाहेरच्या दोरीवर वाळत होता. काकींनी तीनदा धुतला होता तरी तो आभाळासारखा निळा दिसत होता. बाबांनी खाली उभं राहून त्याच्याकडे बघितलं. वर आले. मी दारातच सगळं सांगून टाकलं. त्यांनी विचारलं, "रंग टाकायचां तुला कोनी सांगितलां?" मी म्हटलं, "तुम्हीच." ते तडक आत गेले. शर्ट काढला, छिन्नी-हातोडी घेतली आणि संडासात जाऊन कमोडच्या पायाचं सिमेंट फोडायला लागले. मी नेहमीसारखी शेजारी बसले. सिमेंटचा तुकडा निघाला आणि खाली दिसलं. बोल्टच्या भोकापासून केसाएवढी बारीक चीर निघाली होती आणि ती थेट आत पाणी साठतं त्या वाकणापर्यंत गेली होती. चिरेत निळी रेघ उमटली होती. बाबांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. "लोखंड असतां तर टिकलां असतां," ते म्हणाले. मग अंगठ्याला लागलेली नीळ पुसत, "टिक वाजलां तेव्हा तू इचारलां होतां." मी मान हलवली. "मना आयकू आलां होतां जयू. मी तेव्हाच समजलो होतो का काहीतरी झालां. म्हटलां, सिमेंट लावलां का दिसनार नाय."

हे वाक्य मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, माझ्या नवऱ्यालाही नाही. इथे लिहितेय कारण त्यानंतर बाबांनी जे केलं ते लिहायचंय. ते आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून खाली गेले आणि मला बरोबर घेऊन गेले. किशूकाका रात्रीचं जेवत होते, त्यांचे कान अजून निळे होते. बाबा दारातच उभे राहिले आणि बिल्डिंगमधल्या चार माणसांच्या समोर म्हणाले, "किशूशेठ, पानी माझांच. जोड माझ्या हातून फुटला, मना माहीत होतां, मी लपवला. वैनींचे पापड माझ्यामुले गेले." काका ताटावरून उठले. काकी पुढे झाल्या. म्हणाल्या, "अंदर आओ, भाऊ. खडे मत रहो." आणि बाबांच्या हातात पापड आणि पाण्याचा ग्लास. बाबा खाली बघून पापड खात होते आणि त्याचा कुरकुर आवाज सगळ्या खोलीत ऐकू येत होता. काका शेवटी म्हणाले, "साईं, कुर्सी मत निकालो. भाभी बैठेगी कहाँ? बस, ठीक से लगाओ."

नवा कमोड येईपर्यंत दोन दिवस आई खाली काकींकडेच राहिली. ती भोकाची डुगडुगती खुर्ची खाली गेली, आणि आई आत असली की बाहेर काकी उभ्या, आणि आई हाका मारायची, "मोहिनी, छत्री दे गो!" वरचं पाणी बंद होतं, एक थेंब पडत नव्हता, तरी दोघींचा तो खेळ चालायचा. काकांनी तेवढे दोन दिवस जेवायला घरी यायचं टाळलं.

दुसरा कमोडही हातगाडीवरूनच आला, तोही उघडाच. यावेळी मी बाबांच्या बरोबरीने चालले. दुकानदाराने प्लंबरचं नाव काढलं नाही. त्याने फक्त रबराचे दोन वॉशर काढून बाबांच्या हातावर ठेवले आणि म्हणाला, "साईं, यह लोहा नहीं है. हात से जितना हो, उतना." बाबांनी ते खिशात ठेवले. घरी आल्यावर कमोड जागेवर ठेवला, वॉशर घातले, बोल्ट घातले आणि मग पाना माझ्या हातात दिला. "मी?" "तू. माझ्या हाताला थांबायचां माहीत नाय." मी पाना लावला. एक बाजू थोडी, मग दुसरी बाजू थोडी, मग परत पहिली. माझ्या मनगटाला जेवढं झेपत होतं तेवढं आवळत गेले. नट हलेनासा झाला. मी थांबले, श्वास घेतला. जन्मभर ऐकलेलं ते वाक्य माझ्या तोंडातून आपसूक निघालं, "अजून अर्धा फेरा?"

बाबांनी माझ्या हातावर हात ठेवला. "नको," ते म्हणाले. "पुरे."

त्यानंतर कितीतरी घरांत, माझ्या आणि मुलांच्या, मी स्वतः कमोड, टाक्या, नळ उघडून बसवले. परवाच इथे आलेला प्लंबर जोर लावत होता, मी त्याचा पाना काढून घेतला. "आजी, ढिलं राहील," तो म्हणाला. "राहू दे," मी म्हटलं. अजून थेंब पडलेला नाही.

दुसरा कमोड बसला त्या दिवशी बाबांनी पुन्हा नीळ टाकली, या वेळी आपल्या हाताने. खाली किशूकाकांनी आपला दुसरा पांढरा सदरा, हो, धुतलेला, इस्त्री केलेला, संडासात बरोबर त्या जागेखाली दोरीवर पसरला. म्हणाले, यापेक्षा पक्की परीक्षा नाही. संध्याकाळपर्यंत आम्ही दांडी ओढत राहिलो, दर थोड्या वेळाने कोणीतरी खाली जाऊन बघून यायचं. दिवेलागणीला काका सदरा घेऊन स्वतः वर आले आणि दोन्ही हातांनी तो सगळ्यांसमोर उघडून धरला. पांढरा. कोपऱ्याकोपऱ्यात पांढरा. काकी त्यांच्या मागोमाग पापडांचं ताट आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या होत्या, आमच्याच घरी, आमच्याच माणसांना वाढायला. त्यांनी आधी आईच्या हातात पापड दिला, मग ग्लास भरून दिला. आईने पापड खाल्ला. मग ग्लास तोंडाला लावला आणि खाली ठेवलाच नाही, घटाघटा सगळा प्यायली, आम्ही सगळे बघतोय. ओठ पुसले, ग्लास काकींपुढे धरला आणि बाबांकडे बघत हसून म्हणाली, "अजून अर्धा."